पब्लिलियस सायरस: हे 'सुविचार' नक्की कोणाचे?

आडवाट
व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुविचारांखाली हल्ली अधूनमधून 'पब्लिलियस सायरस, रोमन तत्त्वज्ञ' अशी सही दिसते. त्यातलं 'तत्त्वज्ञ' मला खटकतं, म्हणून हा धागा.

हा माणूस नाटकवाला होता. काळ इ.स.पू. पहिलं शतक. सीरियातल्या अँटिओकहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या अंताक्याहून, गुलाम म्हणून इटलीत आला, पुढे मुक्त झाला आणि 'मिमुस' नावाच्या नाट्यप्रकारात त्याने नाव काढलं. मिमुस म्हणजे आजचं मूकनाट्य नव्हे. त्यात भरपूर बोलणं असे, गाणं-नाच असे, मुखवटे नसत, नट अनवाणी असत आणि बायकांची कामं बायकाच करत. रोमच्या शोकांतिका-सुखांतिकांमध्ये बायकांना ही मुभा नव्हती. विषय म्हणाल तर बावळट नवरा, चवचाल बायको, पेटीत लपलेला यार. प्रतिष्ठितांनी नाक मुरडायचं आणि बघायला मात्र जायचं, असा मामला.

त्याची नाटकं सगळी हरवली. दोन नाटकांची नावं तेवढी कळतात. उरल्या त्या सुमारे ७०० सुट्या ओळी. कोणीतरी त्या संवादांतून वेचल्या आणि पहिल्या अक्षरानुसार लावून ठेवल्या. पुढे शतकानुशतकं पोरांनी त्या शाळेत घोकल्या.

आता माझा प्रश्न. त्यातली एक ओळ घ्या: 'बाई एक तर प्रेम करते नाही तर द्वेष, तिसरं काही नसतं.' ही कोण बोलत होतं? मला तर वाटतं, यार पेटीत बसलाय आणि नवरा प्रेक्षकांकडे तोंड करून हे शहाणपण पाजळतोय. लोक खो खो हसले असणार. तीच ओळ आपण गुलाबाच्या फोटोवर छापून वाटायची? 'पब्लिलियस म्हणतो' असं म्हणायचा आपल्याला काय हक्क?

निवांत_नाना
आमच्या मेहुण्यांच्या गटात हाच माणूस चाणक्य या नावाने येतो. त्या मानाने तुमच्याकडे बरी परिस्थिती आहे.

रेवा
मस्त विषय. याच्या गुलामीच्या दिवसांतले दोन किस्से माक्रोबियस या नंतरच्या लेखकाने दिलेत. पाय सुजलेला, पोटात पाणी झालेला एक गुलाम अंगणात उन्हात पडला होता. कोणीतरी विचारलं, हा काय करतोय? पोरगा पब्लिलियस म्हणाला, 'पाणी तापवतोय.'

दुसरा किस्सा जेवणावळीचा. चर्चा चालली होती की त्रासदायक विश्रांती कशाला म्हणावं. एकेकाने एकेक उत्तर दिलं. हा म्हणाला, 'गाऊट झालेले पाय.' (गाऊट म्हणजे सांधे सुजून ठणकणारा आजार.)

या हजरजबाबीपणावर खूश होऊन त्याला मुक्त केलं आणि चांगलं शिक्षण दिलं. पहिला विनोद आज ऐकताना कसंतरीच होतं, कारण ज्याच्यावर केला तोही त्याच्यासारखाच गुलाम. तो त्याच अंगणात राहिला आणि हा सुटला.

खट्याळ खार
एवढ्या दोन विनोदांवर स्वातंत्र्य? आमच्या ऑफिसात मी रोज याहून बरे मारते, अजून बढतीसुद्धा नाही.

काळा कोट
याची एक ओळ आमच्या धंद्यातली: 'दोषी सुटला की न्यायाधीश दोषी ठरतो.' १८०२ साली स्कॉटलंडमध्ये 'एडिनबरो रिव्ह्यू' सुरू झाला, तेव्हा पुस्तकांवर कडक टीका करणाऱ्या त्या त्रैमासिकाने ब्रीद म्हणून हीच ओळ घेतली. संपादक हा न्यायाधीश आणि वाईट पुस्तक हा आरोपी, असा त्यांचा आव.

आडवाट, तुमच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. ओळ पटण्याजोगी असेल तर ती नवऱ्याने म्हटली की याराने, याने काय बिघडतं? आम्ही निकालातलं वाक्य उद्धृत करतो तेव्हा न्यायमूर्तींचा त्या दिवशीचा मूड विचारत नाही.

मात्र ही ओळ एक वकील म्हणून मला मुळीच मान्य नाही. पुरावा अपुरा असेल तर सोडणं हेच न्यायाधीशाचं काम. आरोपी खरोखर दोषी होता हे कोणाला ठाऊक? नाटक बघणाऱ्याला! त्याने गुन्हा होताना डोळ्यांनी पाहिलेला असतो. कोर्टात बसलेल्याने नाही.

आडवाट
@काळा कोट, विरोध म्हणून सुरुवात केलीत आणि शेवटी माझ्याच बाजूने साक्ष दिलीत. :-) ही ओळ प्रेक्षागृहात बसूनच खरी वाटते, असंच तुम्ही म्हणताय ना?

काळा कोट
साक्षीदार फितूर झाला असं समजा. पण माझी उलटतपासणी अजून संपलेली नाही.

ताम्हण
आडवाट यांच्या बाजूने आपल्याकडचं एक उदाहरण. 'सतां हि सन्देहपदेषु वस्तुषु प्रमाणमन्तःकरणप्रवृत्तयः' ही ओळ सुभाषित म्हणून किती ठिकाणी वापरली जाते. संशयाच्या प्रसंगी सज्जनांचा अंतःकरणाचा कौल हेच प्रमाण, वगैरे. शाकुंतलात ती बोलतो कोण? दुष्यंत. कधी? आश्रमातली मुलगी बघून भाळलाय, ती क्षत्रियाने वरावी अशी आहे का याची शंका आहे, आणि स्वतःचीच समजूत घालतोय तेव्हा. पुढे हाच गृहस्थ भर दरबारात तिला ओळखत नाही. शापामुळे का असेना, त्या वेळी अंतःकरणाच्या कौलाचं काय झालं ते आपण पाहतोच. नाटक हाताशी आहे म्हणून ही गंमत कळते. पब्लिलियसच्या बाबतीत ती सोयच राहिलेली नाही.

खट्याळ खार
माझी आवडती ओळ: 'वाटेत बोलका सोबती म्हणजे वाहनच.' लिहिणाऱ्याने खंडाळ्याच्या घाटात, गाडी जागची हलत नसताना, शेजारी बोलका सोबती अनुभवलेला नाही.

दक्षिणद्वार
इ.स.पू. ४६ मध्ये सीझरसमोर पब्लिलियसने जिंकलेल्या स्पर्धेबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सीझर यादवी युद्धं जिंकून रोमला परतला, विजययात्रा झाल्या, मोठे खेळ झाले. पब्लिलियस तोवर इटलीच्या गावोगावी मिमुस करून गाजला होता. तो या खेळांसाठी राजधानीत आला आणि त्याने रंगभूमीसाठी लिहिणाऱ्या सगळ्यांना आव्हान दिलं: विषय द्या, आळीपाळीने तिथल्या तिथे रचू, बघू कोण टिकतं.

त्या काळचा मिमुसचा सगळ्यात मोठा लेखक देसिमुस लाबेरियस. वय ६०, दर्जाने 'एक्वेस', म्हणजे सरदार वर्गातला. लिहिणं चालून जायचं, पण स्वतः रंगमंचावर उभं राहणं म्हणजे अब्रू गेली, कारण नटाला रोमन कायद्यात मान नव्हता. सीझरने त्याला पाच लाख सेस्तर्स देऊ केले आणि स्वतः काम करायला सांगितलं. सीझरने 'विनंती' केल्यावर नाही कोण म्हणणार?

म्हातारा उभा राहिला. त्याने म्हटलेली नांदी माक्रोबियसमुळे वाचली आहे. साठ वर्षं डाग न लागता जगलो, घरातून सरदार म्हणून निघालो, घरी परतेन तो नट म्हणून. जगायला हवं होतं त्यापेक्षा हा एक दिवस जास्त जगलो, असा तिचा आशय. मग नाटक सुरू झालं. त्यात तो आला मार खाऊन पळणाऱ्या सीरियन गुलामाच्या वेशात, आणि ओरडला, 'रोमकरांनो, आपण स्वातंत्र्य गमावतोय!' थोड्या वेळाने म्हणाला, 'ज्याला पुष्कळ जण भितात त्याला पुष्कळांना भ्यावंच लागतं.' सगळ्या प्रेक्षागृहाच्या माना सीझरकडे वळल्या.

सीझर हसला आणि निकाल दिला, 'मी तुझ्या बाजूचा असूनही, लाबेरियस, एका सीरियनाने तुला हरवलं.' विजयाची पाम-शाखा पब्लिलियसला. लाबेरियसला पाच लाख आणि सरदारकीची सोन्याची अंगठी परत.

आता बघा. ती भीतीची ओळ पब्लिलियसच्या संग्रहातल्या कुठल्याही ओळीच्या तोडीची आहे. पण ती कोणी, कुठे, कोणासमोर म्हटली हे ठाऊक असल्यामुळे तिचं वजन कितीतरी वाढतं. आडवाट यांचा मुद्दा मला यामुळे पटतो.

पिंपळपान
बापरे. आणि वेशसुद्धा सीरियन गुलामाचाच? म्हणजे एका दगडात दोन पक्षी. समोरच्या स्पर्धकालाही टोला.

दक्षिणद्वार
हो, बहुतेक अभ्यासक तसंच वाचतात. पण पब्लिलियसही कमी नव्हता. निकालानंतर तो लाबेरियसला म्हणाला, 'लेखक म्हणून ज्याच्याशी झुंजलात, त्याला आता प्रेक्षक म्हणून आधार द्या.' मला यात कुत्सितपणा दिसत नाही. काहींना दिसतो.

निवांत_नाना
पाच लाख म्हणजे आजचे किती हो?

हिशेबनीस
@नाना, आजच्या रुपयात सांगण्यात अर्थ नाही, तेव्हाच्या मापाने बघा. सीझरने वाढवल्यानंतर साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ देनारी. एका देनारियसचे चार सेस्तर्स, म्हणजे वर्षाला ९००. पाच लाख म्हणजे एका सैनिकाचा साडेपाचशे वर्षांचा पगार. दुसरं माप: सरदार वर्गात नाव राहायला चार लाखांची मालमत्ता लागायची. सीझरने अब्रू काढून घेतली, मग अंगठी देऊन परत केली आणि वर त्या दर्जाला पुरून उरेल एवढी रक्कम हातावर ठेवली. दर्जा देणारा आणि काढणारा मीच, हे भर सभेत दाखवायचं होतं.

पिंपळपान
म्हातारा पैसे घेऊन मोकळा झाला की. मग ती नांदी कसली? मानधन घेऊन निषेध!

रेवा
@पिंपळपान, घेतले नसते तर काय झालं असतं, याचा विचार कर. पण त्यानंतरचा प्रसंग ऐक. अंगठी परत मिळाल्यावर लाबेरियस सरदारांसाठी राखीव असलेल्या १४ रांगांमध्ये बसायला निघाला. कोणी सरकून जागा देईना. प्रसिद्ध वक्ता आणि राजकारणी सिसेरो म्हणाला, 'इथे एवढी दाटी नसती तर तुला बसवून घेतलं असतं.' हा टोमणा सीझरलाही होता, कारण त्याने सिनेटमध्ये आपली माणसं कोंबली होती. लाबेरियस ताडकन म्हणाला, 'नवलच! तुम्हाला दाटी कशी झाली? तुम्ही तर नेहमी दोन आसनांवर बसता.' सिसेरोचा सगळा जन्म दोन्ही डगरींवर हात ठेवण्यात गेला, त्यामुळे हे वर्मी लागलं असणार.

खट्याळ खार
धागा पब्लिलियसचा आणि टाळ्या लाबेरियसला. बिचारा जिंकूनही हरला.

भाऊ मास्तर
इतका वेळ वाचत होतो. माझं मत वेगळं आहे, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

शाळेत सुभाषितं पाठ करून घेणं हा माझा आयुष्यभराचा उद्योग. त्यामुळे 'संदर्भ तोडला' ही तक्रार मला शहरी वाटते. संत जेरोम, ज्याने बायबल लॅटिनमध्ये आणलं, त्याचं लाएटा नावाच्या बाईला लिहिलेलं एक पत्र आहे. तिच्या मुलीला कसं वाढवावं, हा विषय. त्यात तो सांगतो की लहानपणी शाळेत मी एक ओळ वाचली होती: 'ज्याची सवय लागू दिलीस, त्याबद्दल मग रागावणं कठीण.' ओळ पब्लिलियसची. पत्राचा काळ इ.स. ४०० च्या आसपास. म्हणजे चवचाल नाटकातली ओळ साडेचारशे वर्षांनी एका ख्रिस्ती साधूला एका मुलीच्या संगोपनासाठी उपयोगी पडली. यात बिघडलं काय?

मूळ नाटकात ती कोणाच्या तोंडी होती हे जेरोमला ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी ती त्याच्या मनात टिकली. पोराला ओळ द्यावी, संदर्भ त्याला आयुष्य देतं.

ताम्हण
मास्तर, शेवटचं वाक्य खास तुमच्या शैलीतलं. आता ते गुलाबाच्या फोटोवर येणार, खाली सही पब्लिलियसची. :-)

दक्षिणद्वार
मास्तरांच्या मुद्द्याला जोडून सेनेकाची साक्ष. हा खरा तत्त्वज्ञ, आणि पब्लिलियसचा मोठा चाहता. एका पत्रात तो म्हणतो की याच्या कितीतरी ओळी अनवाणी नटांनी नव्हे, तर शोकांतिकेतल्या उंच तळव्याचे बूट घातलेल्या नटांनी म्हणायला हव्यात. त्याच्या १०८व्या पत्रात एक फार छान निरीक्षण आहे. रंगमंचावरून 'गरिबीला पुष्कळ काही कमी असतं, लोभाला सगळंच' किंवा 'कंजूष कोणाशीच भला नसतो, स्वतःशी तर सर्वांत वाईट' अशा ओळी आल्या की सगळ्यात कंजूष माणूसही टाळ्या वाजवतो, आपल्याच दुर्गुणाची निंदा ऐकून खूश होतो.

म्हणजे ओळ नाटकातून सुटी करण्याचं काम प्रेक्षागृहातच सुरू झालं होतं. आपल्या रंगभूमीवर ज्याला टाळीचं वाक्य म्हणतात ते हेच. लेखक लिहितानाच हिशेब करतो की इथे नट क्षणभर थांबेल, पात्र बाजूला होईल, वाक्य थेट शेवटच्या रांगेपर्यंत जाईल. त्यामुळे आडवाट, 'पात्र की लेखक' हा तुमचा प्रश्न या ओळींना पुरत नाही. ही ओळ पात्राची कमी आणि टाळीची जास्त. मघाशी मी तुमच्या बाजूने लिहिलं ते लाबेरियसच्या ओळीबद्दल होतं. तीही टाळीचीच, पण ती त्या दिवसाला बांधलेली आहे. पब्लिलियसच्या ओळी कुठेही नेता येतात.

पिंपळपान
म्हणजे आपल्या वगातला सोंगाड्या गावच्या पाटलावरून बोलत बोलत एकदम समोर बसलेल्या पुढाऱ्यावर येतो तसंच!

आडवाट
@दक्षिणद्वार, मुद्दा जोरदार आहे. पण टाळीची वाक्यंसुद्धा एकसारखी नसतात. 'वारसाचं रडणं म्हणजे मुखवट्याआडचं हसू' ही ओळ बघा. मिमुसमध्ये मुखवटे नसत, हे वर लिहिलंच आहे. मग उघड्या चेहऱ्याचा नट ही ओळ म्हणतो तेव्हा काय होत असेल? शेजारच्या प्रतिष्ठित रंगभूमीला चिमटा? की शेजारी उभ्या, रडक्या तोंडाच्या वारसाकडे बोट? कागदावर हे मेलं. सुविचार म्हणून ती बरी आहे, पण नाटकात ती याहून खूपच मजेदार असली पाहिजे. माझी हळहळ आहे ती या गेलेल्या गमतीची.

काळा कोट
मध्येच नमूद करतो, याच महाशयांचं एक वचन आहे, 'फार वाद घातला की सत्य हरवतं.' न्यायालयाने नोंद घ्यावी.

ग्रंथकीटक
सगळे 'पब्लिलियसची ओळ' म्हणून उद्धृत करताय, पण ती त्याची आहे हे कशावरून? मध्ययुगात हा संग्रह 'सेनेकाची वचनं' म्हणून फिरत होता. एका हस्तलिखित परंपरेत 'एन' या अक्षरापर्यंतच त्याच्या ओळी होत्या, पुढचा भाग गहाळ. कोणीतरी सेनेकाच्या नावावरची गद्य वाक्यं घालून वर्णमाला पुरी केली. डच विद्वान इरॅस्मसने १५१४ साली आवृत्ती काढली तेव्हाही सगळी भेसळ निघाली नव्हती. नीट चाळणी झाली ती १९व्या शतकात, जर्मन अभ्यासकांच्या हातून. चाळणीचं मुख्य साधन छंद: मिमुस पद्यात असे, ओळ छंदात बसत नसेल तर बाहेर.

इंटरनेटवर जे फिरतं ते मात्र बहुतेक चाळणीआधीचं. अमेरिकेत १८५६ साली डॅरियस लायमनने केलेल्या इंग्रजी भाषांतरात हजाराहून जास्त वचनं आहेत. आणि 'गडगडत्या दगडाला शेवाळं धरत नाही' हे तर त्याच्या नावावर सर्रास खपतं, पण प्रमाणित आवृत्त्यांत सापडत नाही.

तेव्हा आधी ओळ कोणाची ते ठरवा, मग ती कोण बोललं ते बघू.

निवांत_नाना
म्हणजे चाणक्याची असण्याची शक्यता अजून आहे.

भाऊ मास्तर
नाना, तुम्ही एकदा मेहुण्यांना या धाग्यावर आणाच.

रेवा
मला एका ओळीबद्दल तुमचं सगळ्यांचं मत हवंय: 'उपकार घेणं म्हणजे स्वातंत्र्य विकणं.' एरवी मी 'पात्राचं वाक्य' म्हणून सोडून दिलं असतं. पण लिहिणारा मुक्त केलेला गुलाम आहे! त्याला मिळालेला सगळ्यात मोठा उपकार म्हणजेच स्वातंत्र्य. इथेही लेखकाला बाजूला ठेवायचं?

काळा कोट
रेवाताई, इथे कायद्याचा भागही आहे. रोममध्ये मुक्त झालेला गुलाम पूर्ण मोकळा होत नसे. जुना मालक त्याचा 'पात्रोनुस' बनत असे. त्याचा मान राखणं बंधनकारक, शिवाय मुक्त होताना शपथ घेतली असेल तर ठरावीक दिवस त्याचं काम करून देणंही. त्यामुळे ही ओळ अशा माणसाच्या लेखणीतून अलंकारिक वाटत नाही, जवळजवळ करारातलं कलम वाटतं. या एका ओळीपुरता मी माझा 'कोण बोललं याने काय बिघडतं' हा युक्तिवाद मागे घेतो.

ताम्हण
शिवाय प्रेक्षकांत बसलेल्या कितीतरी मुक्त गुलामांना ती आपली वाटली असणार. आणि त्या पाच लाखांनंतर लाबेरियसलाही.

ग्रंथकीटक
गुलामीवरून आठवलं. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने खडूवर लिहिताना सांगितलंय की समुद्रापलीकडून विकायला आणलेल्या गुलामांचे पाय खडूने पांढरे करत. पुढे तो तीन नावं देतो, जी एकाच जहाजातून अशी आली: मिमुसचा पब्लिलियस, त्याचा चुलत-मावस भाऊ असलेला ज्योतिर्विद मानिलियस, आणि व्याकरणकार स्टाबेरियस एरॉस. हा एरॉस पुढे ब्रूटस आणि कॅसियसचा शिक्षक झाला. एकाच जहाजातून सीझरच्या हातून बक्षीस घेणारा आणि सीझरच्या मारेकऱ्यांचा गुरू!

खट्याळ खार
याच्यावर कोणी अजून मालिका कशी काढली नाही?

पिंपळपान
मला सगळं मुळातून वाचायचंय. भाषांतरासकट कुठे मिळेल?

ग्रंथकीटक
लोएब मालिकेतलं 'मायनर लॅटिन पोएट्स', १९३४. डफ पिता-पुत्रांनी केलंय. डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी. सुरुवात पब्लिलियसपासूनच आहे. एका बैठकीत वाचू नका, शंभरेक ओळींनंतर डोकं बधिर होतं.

आडवाट
सगळ्यांचे आभार. 'टाळीचं वाक्य' हे मी स्वीकारतो, 'तत्त्वज्ञ' अजूनही नाही. @दक्षिणद्वार, लाबेरियसवर वेगळा धागा काढाच.

दक्षिणद्वार
काढतो. त्याच्या बाबतीत उलटा प्रकार आहे. सुविचारांचा संग्रह कोणी केला नाही, पण चाळीसहून जास्त नाटकांची नावं आणि बरेच तुकडे मिळतात. कारण तो मनाला येतील तसे शब्द पाडायचा. गेलियस या नंतरच्या रोमन लेखकासारख्या भाषाशुद्धीवाल्यांना ते खटकलं, म्हणून त्यांनी नाटकाच्या नावासकट एकेक शब्द तक्रारीत नोंदवून ठेवला.

ताम्हण
धागा काढलात की इथे दुवा द्या.

निवांत_नाना
+१. आणि शीर्षकात 'चाणक्य' घाला, वाचक वाढतील.